अठरा मीटरने हुकलेला चंद्र: एका फ्रेमच्या पाठपुराव्याचं प्रकरण

फ्रेममध्ये सगळं आहे. कड्यावरचं ३० मीटर उंचीचं दीपगृह, भिंतीवर मावळतीचा शेवटचा उजेड, मागे निळसर-जांभळं आकाश आणि नारिंगी पूर्ण चंद्र. पण चंद्र दीपगृहाच्या शेजारी आहे, आणि हवा होता मागे. दिव्याच्या खोलीचा सांगाडा आणि सज्जाचा कठडा चंद्राच्या थाळीच्या बरोबर मधे उमटावा, एवढ्यासाठी सगळी तयारी झाली होती. प्रत्यक्षात मनोऱ्याची भिंत आणि चंद्राची कड यांच्यात साडेपाच मीटरची फट राहिली आणि फोटो गेला.

अशा हुकलेल्या अनेक फ्रेमा एकत्र करून हे एक नमुना प्रकरण बांधलं आहे. मापं गोल केली आहेत, पण गणित खरं आहे आणि कुठल्याही मनोऱ्याला, शिखराला किंवा कळसाला ते लावता येतं. अक्षांश २० उत्तर धरला आहे. तो बदलला की काय बदलतं, ते पुढे येईल.

मांडणी

कॅमेरा आणि दीपगृह यांच्यात २.२ किलोमीटर अंतर. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. चंद्राची थाळी आकाशात साधारण अर्धा अंश जागा घेते, नेमकं सांगायचं तर अंतरानुसार २९.४ ते ३३.५ कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). त्या संध्याकाळी ती ०.५२ अंश होती. ०.५२ अंशाचा कोन २.२ किलोमीटरवर २० मीटर रुंदी व्यापतो. म्हणजे दीपगृहाशेजारी चंद्र २० मीटर व्यासाचा दिसतो आणि दिव्याची ४ मीटर रुंद खोली त्यात ऐसपैस बसते. साधा हिशोब असा: चंद्र जेवढ्या आकाराचा दिसायला हवा, त्याच्या ११० पट लांब उभं राहायचं. लेन्स कुठलीही असो, हे प्रमाण बदलत नाही. लेन्स फक्त कातरते. ६०० मिलिमीटरच्या लेन्सवर फुल फ्रेम सेन्सरवर चंद्र साडेपाच मिलिमीटरचा पडतो. सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, तेव्हा चंद्राला फ्रेमच्या उंचीचा पाव भागही मिळत नाही. जवळ उभं राहून लांब लेन्स लावली तर चंद्र मोठा होईल, हा गैरसमज इथेच सोडलेला बरा. जवळ गेल्यावर मनोरा मोठा होतो आणि चंद्र तेवढाच राहतो.

कड्याचा माथा कॅमेऱ्यापेक्षा ४० मीटर उंच आणि दिव्याच्या खोलीचा मध्य ६८ मीटरवर. म्हणजे चंद्राचा मध्य १.७७ अंश उन्नतांशावर, क्षितिजापासून तेवढा वर, यायला हवा. पृथ्वीच्या गोलाईने या अंतरावर ४० सेंटिमीटरचाही फरक पडत नाही, तो सोडून दिला तरी चालतो. उभं राहायला किनाऱ्यावर ७७ मीटरची पट्टी मिळते. एका टोकाला खाडीचं तोंड आहे, दुसऱ्याला खडकाची भिंत. या पट्टीवरून दीपगृहाचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेला दिशेचा कोन, ११६.५ ते ११८.५ अंश भरतो. पट्टीची लांबी लक्षात ठेवा, पुढचा सगळा पेच तिच्यामुळे आहे.

पहिली संध्याकाळ

छायाचित्रकारांनी ॲपमध्ये चंद्रोदयाचा दिगंश पाहिला: ११७.० अंश. पट्टीवर जिथून दीपगृह बरोबर ११७.० वर दिसतं, तिथे ट्रायपॉड लावला. सूर्यास्त झाला, चंद्रोदयाची वेळ झाली, तरी काही दिसेना. कड्याच्या माथ्याने खालचं क्षितिज झाकलेलं होतं. काही मिनिटांनी माथ्यावरून नारिंगी कड वर आली, ती दीपगृहाच्या उजवीकडे, थाळीचा मध्य जवळजवळ १८ मीटर बाजूला.

त्यांनी ट्रायपॉड उचलला आणि मनोऱ्याकडे तोंड ठेवून १८ मीटर डावीकडे गेले. दिशा बरोबर होती. चंद्र इतका लांब आहे की आपण एक मीटर डावीकडे गेलो की मनोरा चंद्रापुढे एक मीटर उजवीकडे सरकतो. या कामातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगी नियम हाच. खडकांवरून जाणं, पाय रोवणं, ३.४ अंशांच्या चिंचोळ्या दृष्टिक्षेत्रात दीपगृह पुन्हा शोधणं, पातळी बघणं, फोकस तपासणं, यात अडीच-तीन मिनिटं गेली. तोवर चंद्र आणखी उजवीकडे गेला होता. तो दिव्याच्या उंचीवर पोचला तेव्हा मध्य पुन्हा १८ मीटर बाजूला. हुकलेली फ्रेम ती हीच.

चूक नेमकी कुठे

चूक एकच, पण दोनदा झाली. चंद्र सरळ वर चढतो, असं दोन्ही वेळा धरलं गेलं.

ॲपमधला चंद्रोदय म्हणजे चंद्राची वरची कड मोकळ्या, सपाट क्षितिजाला टेकते तो क्षण. तिथून थाळीचा मध्य १.७७ अंशांवर यायला इथे साधारण ११ मिनिटं लागतात. उत्तर गोलार्धात उगवणारा चंद्र चढता चढता उजवीकडे कलतो. २० अक्षांशावर ही सरक तासाला सुमारे ५ अंश. ११ मिनिटांत ती ०.९४ अंश झाली आणि २.२ किलोमीटरवर ०.९४ अंश म्हणजे ३६ मीटर. पहिली जागा ३६ मीटरने चुकलेली होती, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्यांदा तीच चूक घाईत झाली. कड दिसली तेव्हा त्या ३६ मीटरपैकी निम्मी सरक होऊन गेली होती आणि निम्मी बाकी होती. छायाचित्रकार चंद्र होता तिथल्या हिशोबाने हलले. जायचं होतं तो येणार होता तिथल्या हिशोबाने. कड दिसल्यापासून दिव्याच्या उंचीपर्यंत चंद्राला साडेपाच मिनिटं लागतात. पहिल्याच क्षणी ३६ मीटर डावीकडे गेले असते, तर फोटो त्याच संध्याकाळी मिळाला असता. हे वाचायला कठोर वाटेल, पण पुढच्या सगळ्या वर्षांची धावपळ या एका आकड्यात आहे.

मैदानात कामाला येईल असं गुणोत्तर काढता येतं: अक्षांशाचा टॅन भागिले दिगंशाचा साइन. इथे ते ०.४१ येतं. क्षितिजाजवळ वातावरणामुळे चंद्राची चढण थोडी दबते, म्हणून प्रत्यक्षात दर १० मीटर चढणीला साडेचार मीटर उजवी सरक धरावी. विषुववृत्तावर सरक जवळजवळ शून्य, चंद्र खरोखरच सरळ चढतो. ५० अक्षांशावर १० मीटर चढणीला १२ मीटरहून जास्त सरक होते. दक्षिण गोलार्धात तेवढीच, पण डावीकडे. कमी अक्षांशावर हात बसलेला माणूस उत्तरेकडे जाऊन याच कारणाने पहिल्या दिवशी हमखास फसतो.

हुकलेली फ्रेम ही मोजपट्टी

अशा फ्रेमा लोक रागाने पुसून टाकतात. तसं अजिबात करू नये. या प्रकरणात पुढे जे काही जमलं, ते त्या फ्रेमवर जमलं, कारण तिच्यात चंद्र आहे आणि चंद्राचा आकार आपल्याला माहीत आहे.

४५ मेगापिक्सेलच्या फ्रेममध्ये थाळीची रुंदी १,२५० पिक्सेल भरली. थाळीच्या मध्यापासून मनोऱ्याच्या मध्यरेषेपर्यंत आडवं अंतर १,१२५ पिक्सेल. म्हणजे थाळीच्या ०.९ पट. २० मीटरच्या ०.९ पट १८ मीटर. तेवढे छायाचित्रकार आधीच हलले होते, तेव्हा मूळ जागेपासून एकूण चूक ३६ मीटर. वर कागदावर काढलेला आकडा आणि फ्रेममधून आलेला आकडा जुळला, तेव्हाच कारण पक्कं झालं. हे माप लेन्सवर छापलेल्या फोकल लेंग्थवर अवलंबून नाही, कातरलेल्या फ्रेमवरही चालतं. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. थाळीची आडवीच रुंदी मोजायची, कारण या उंचीवर वातावरण तिला उभ्यात सुमारे ९ टक्के दाबतं; २० मीटर रुंद चंद्र १८ मीटर उंच दिसतो. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ सेकंदापर्यंत जुळलेलं हवं. बहुतेक कॅमेऱ्यांची घड्याळं महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. घड्याळ एक मिनिट चुकलं तर हिशोब सव्वातीन मीटरने चुकतो.

चंद्र असलेली फ्रेम किती बोलते, याचं मोठं उदाहरण अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांचं. न्यू मेक्सिकोमधल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र त्यांनी टिपला, पण तो कधीचा, याबद्दल पुढे त्यांनीच वेगवेगळी वर्षं सांगितली. शेवटी चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून खगोलाच्या जाणकारांनी तारीख काढली: १ नोव्हेंबर १९४१. त्या संध्याकाळची दुसरी गोष्टही आपल्या कामाची आहे. ॲडम्सना लाइट मीटर सापडत नव्हता. पौर्णिमेच्या चंद्राची दीप्ती चौरस फुटाला २५० कँडल असते, हे त्यांना पाठ होतं. त्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवलं. दुसरं एक्स्पोजर घ्यायला फिल्मचा होल्डर उलटवला, तोवर दफनभूमीतल्या क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. पहिली फ्रेम बरोबर होती म्हणून ते चित्र आज आहे.

पुन्हा कधी?

पुढच्या पौर्णिमेला परत यायचं, असं सहज वाटतं. तसं होत नाही.

दर पौर्णिमेला चंद्र क्षितिजावर वेगळ्या जागी उगवतो. उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात पूर्ण चंद्र दक्षिणेकडे जातो, हिवाळ्यात उत्तरेकडे, सूर्याच्या बरोबर उलट. पण त्याची हद्द सूर्यासारखी पक्की नाही. २० अक्षांशावर सूर्य ११५ अंशांपलीकडे दक्षिणेला कधीच उगवत नाही. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाला, ५.१ अंशांनी कललेली आहे आणि छेदाचे दोन बिंदू, म्हणजे आपले राहू-केतू, १८.६ वर्षांत आकाशाची एक फेरी पुरी करतात. त्यामुळे काही वर्षं चंद्राची क्रांती, म्हणजे विषुववृत्ताच्या पातळीपासून उत्तर-दक्षिण अंतर, २८.५ अंशांपर्यंत जाते आणि तो १२०-१२१ अंशांवर उगवतो. नऊ-साडेनऊ वर्षांनी ती १८.३ अंशांवर अडते आणि तो ११०च्या पुढे जात नाही.

आपल्या पट्टीवरून चंद्र मनोऱ्यामागे यायला त्याची क्रांती दक्षिणेला २३.९ ते २५.७ अंशांच्या दरम्यान हवी. १८.६ वर्षांचा हा फेरा अगदी अलीकडे २०२५च्या सुरुवातीला टोकाला होता. तिथून मागे-पुढे साधारण साडेचार वर्षं, म्हणजे २०२०च्या उत्तरार्धापासून २०२९पर्यंत, ही खिडकी उघडी आहे. मग ती बंद होते. २०३४च्या सुमारास चंद्र तळाला असेल आणि २०३९च्या आसपास तो पुन्हा इथवर पोचेल. इथे हुकलेला फोटो दहा वर्षं मिळत नाही, असं म्हणतात ते याच अर्थाने. मनोऱ्याचा दिगंश ९० किंवा १०० असता, तर दर वर्षी आरामात संधी मिळाली असती. जागा शोधतानाच दिगंश बघून ठेवावा, असं आम्ही कळकळीने सांगतो. टोकाचा दिगंश निवडणं म्हणजे वर्षांशी करार करणं.

खिडकी उघडी असली तरी चंद्र त्या क्रांतीवर महिन्यातून दोनदाच येतो आणि तेव्हा पौर्णिमाही हवी. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या बराच आधी येतो, फिकट आणि आकाशात विरलेला. दुसऱ्या दिवशी साधारण ५० मिनिटं उशिरा येतो. तेव्हा आकाश काळं आणि मनोऱ्याची फक्त छाया. भिंतीवर उजेड आणि आकाशात निळाई दोन्ही हवी असेल, तर चंद्र दिव्याच्या उंचीवर पोचण्याची वेळ सूर्यास्तानंतर ५ ते २० मिनिटांत पडली पाहिजे. या सगळ्या अटी लावल्या की वर्षाला एखादी संध्याकाळ उरते, फार तर दोन. २०२५च्या आसपास त्या उन्हाळी अयनदिनाच्या (२१ जूनच्या सुमारास) महिनाभर आधी किंवा महिनाभर नंतर येतात. जसजशी वर्षं पुढे जातात, तसतशा त्या अयनदिनाकडे सरकतात. तेव्हा चंद्र आपल्या दक्षिण टोकाशी असतो आणि त्याची क्रांती रोज फार बदलत नाही, त्यामुळे लागोपाठ दोन संध्याकाळी पट्टीत बसण्याची शक्यता वाढते. २०२७ आणि २०२८ ही वर्षं म्हणूनच हातची सोडू नयेत.

दुसरी संध्याकाळ

जागा बरोबर होती, वेळ बरोबर होती, डोक्यावर आकाश निरभ्र. चंद्र दिसलाच नाही. दिव्याच्या उंचीच्या बराच वर गेल्यावर एक मळकट लाल डाग उमटला, बस्स.

कारण बघताना एक साधी भूमिती समोर येते. पावणेदोन अंशांवरची नजर ढगांना फार लांब जाऊन भिडते. २ किलोमीटर उंचीवरचा ढग या कोनात साधारण ५५ किलोमीटरवर असतो आणि १० किलोमीटर उंचीवरचा विरळ, पिसांसारखा ढग २०० किलोमीटरच्याही पलीकडे. आपल्या गावचा हवामान अंदाज इथे काही सांगत नाही. उपग्रहाच्या चित्रावर आपल्या जागेपासून ११८ अंशांची रेघ ओढायची आणि ५० ते २०० किलोमीटरचा पट्टा बघायचा. तिथे ढग असतील तर निघण्याआधीच कळतं. समुद्रावरचा खारट धुरळा आणि आर्द्रता यांनीही चंद्र गिळला जातो. दुपारी त्याच दिशेला लांबची बेटं किंवा जहाजं करकरीत दिसत असतील तर आशा धरावी.

भरतीचा हिशोब एकदाच करावा लागतो. पौर्णिमेला उधाण असतं आणि एका ठिकाणी उधाणाच्या भरतीची घड्याळातली वेळ जवळजवळ ठरलेली असते. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी एखादा खडक एकदा पाण्याखाली असेल, तर तो पुढच्या पौर्णिमांनाही त्या वेळी पाण्याखालीच असणार. ज्या जागेवर उभं राहायचं, तिथे फोटोशिवाय एखाद्या पौर्णिमेला संध्याकाळी जाऊन फक्त पाणी बघून यावं.

तालीम

या प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग हा. पूर्ण चंद्र या जागी वर्षातून एखाद-दोनदाच येतो, पण चंद्र त्याच क्रांतीवर दर महिन्याला येतो, फक्त कला वेगळी असते. मार्चमध्ये तो कृष्ण पक्षातला अर्धा चंद्र असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्याच कड्यावरून उगवतो. एप्रिलमध्ये अर्ध्याहून मोठा, आणखी दोनेक तास आधी. फोटो म्हणून त्याला काही किंमत नाही, पण रेषा तपासायला तो पूर्ण चंद्राइतकाच चोख.

मार्चच्या तालमीत आधी अंदाज लिहून ठेवला: अमुक वाजता चंद्राची उजळ कड मनोऱ्याच्या मध्यरेषेपासून अमुक मीटरवर असेल. मग फ्रेम घेऊन मोजलं. फरक ६ मीटर निघाला. तो दोन जागांतून आला होता. फोनचा जीपीएस मोकळ्यावरही ५ मीटरच्या आसपास चुकू शकतो. दुसरी जागा जास्त फसवी: उपग्रह नकाशावर खूण दिव्याच्या खोलीवर ठेवली होती. उपग्रह तिरकस बघतो, त्यामुळे उंच वस्तूचं डोकं पायापासून बाजूला झुकलेलं दिसतं. खूण नेहमी पायथ्याच्या मध्यावर ठेवायची. एप्रिलच्या तालमीत फरक २ मीटरच्या आत आला. मग ती जागा नकाशात नोंदवून भागलं नाही. खडकातल्या एका भेगेपासून टेपने मोजून लिहून ठेवली. ट्रायपॉडच्या तीन पायांचे ठसेही फोनवर टिपून ठेवले.

फोकस, एक्स्पोजर, हवा

२.२ किलोमीटर म्हणजे अनंत, असं बहुतेक जण धरतात. ६०० मिलिमीटरला ते खरं नाही. एफ/८ वर दीपगृहावर फोकस केला, तर चंद्राची कड सेन्सरवर २० मायक्रॉन पसरते, म्हणजे चार-पाच पिक्सेल. चंद्रावर फोकस केला तर तेवढंच दीपगृह पसरतं. दोन्हींत निवड करायची झाली तर दीपगृह निवडावं: क्षितिजाजवळच्या हवेने चंद्राची कड तशीही थरथरते, पण सज्जाच्या कठड्याच्या सळ्या मऊ पडल्या तर डोळा लगेच पकडतो. दिवसाउजेडी कठड्यावर फोकस करून मॅन्युअलवर टाकायचं आणि रिंगवर चिकटपट्टी लावायची. संध्याकाळी गारवा पडला की मोठ्या लेन्सचा फोकस किंचित सरकतो, म्हणून चंद्र येण्याच्या दहा मिनिटं आधी लाइव्ह व्ह्यू मोठा करून तो पुन्हा बघावा.

एक्स्पोजरसाठी पौर्णिमेचा प्रसिद्ध नियम एफ/११, आयएसओ १००, १/१०० सेकंद. तो डोक्यावरच्या चंद्रासाठी. पावणेदोन अंशांवर चंद्रप्रकाश डोक्यावरच्यापेक्षा वीसपट जाड हवेतून येतो आणि स्वच्छ संध्याकाळीही ५ ते ७ स्टॉप गमावतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं). वरचा नियम वापरला तर चंद्र जवळजवळ काळाच येतो. एफ/८, आयएसओ १६००, १/५० पासून सुरुवात करून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायचा, आणि तोही लाल रंगाचा वेगळा. चंद्र नारिंगी असतो, त्यामुळे एकत्रित आलेख निर्धास्त दिसत असताना लाल चॅनल जळून गेलेला असतो. चंद्राच्या गतीची भीती नाही; १/५० सेकंदात तो एक पिक्सेलसुद्धा सरकत नाही. धोका हलण्याचा आहे. केबल रिलीज, इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा धक्का टाळणारी सोय), आणि वारा असेल तर लेन्सहुड काढलेला. तो शिडासारखा वारा धरतो. ट्रायपॉडला लटकवलेलं वजन जमिनीला टेकलेलं हवं, झुलणारं वजन उलट हलवतं. तापलेल्या खडकालगतची हवा सगळ्यात जास्त उकळते, म्हणून कॅमेरा शक्य तितका उंच ठेवावा. पण तालमीत आणि फोटोच्या दिवशी उंची एकच हवी.

तिसरी संध्याकाळ

तालमीतून ठरलेल्या जागी ट्रायपॉड दोन तास आधी लागला. रेघेवरचा पट्टा उपग्रह चित्रात मोकळा होता, फक्त खालच्या अंगाला विरळ धूसर थर. माथ्यावर कड दिसली ती अपेक्षेप्रमाणे मनोऱ्याच्या डावीकडे, मध्य साधारण १८ मीटर बाजूला. पहिल्यांदाच चंद्र चुकीच्या बाजूला असणं बरोबर होतं. कोणी हललं नाही. ती साडेपाच मिनिटं शांत उभं राहणं, या सगळ्या खटाटोपातलं अवघड काम.

चंद्र मनोऱ्यापुढे सेकंदाला सुमारे १३ सेंटिमीटर सरकतो, १२ वर आणि पाचेक उजवीकडे. दिवा थाळीच्या मध्यापासून ३ मीटरच्या आत राहावा, असं ठरवलं तर हातात ४५ सेकंद मिळतात. सेकंदाला एक फ्रेम लावली होती. तोवर दीपगृहाचा दिवा सुरू झाला होता आणि त्याचा झोत कॅमेऱ्याकडे वळला की खोली पांढरीफटक होऊन सांगाडा नाहीसा होत होता. अशा फ्रेमा वगळून, दोन झोतांमधल्या उरल्या त्यांतली एक निवडली. मोजल्यावर दिव्याचा मध्य थाळीच्या मध्यापासून २ मीटर डावीकडे आणि १ मीटर वर. सज्जाच्या कठड्याच्या सळ्या वेगळ्या मोजता येतात.

धूसर थरामुळे थाळीचा खालचा तिसरा हिस्सा फिका पडला आहे आणि तिथे मनोऱ्याची कड आकाशात विरते. छायाचित्रकारांना ते खटकतं. आमच्या मते फ्रेम उभी राहते. तरी २०२७ आणि २०२८च्या अयनदिनाजवळच्या पौर्णिमा त्यांनी लिहून ठेवल्या आहेत, आणि भेगेपासूनचं अंतर, ट्रायपॉडची उंची, तालमीतले फरक आणि पहिल्या संध्याकाळच्या त्या हुकलेल्या फ्रेमची मूळ फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवली आहे. फोल्डरच्या नावात वर्ष २०३९ आहे.